फाइल उघडली, मजकूर उघडला नाही

मे महिन्याच्या सुट्टीत घरातलं कपाट आवरताना एक जुनी सीडी हाती लागली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'स्मरणिका १९९८, उर्दू-मराठी, सगळं'. तेव्हा मी कॉलेजात होतो. कल्याणच्या दूधनाका भागातल्या एका छोट्या वाचनालयाला पंचवीस वर्षं पूर्ण झाली होती आणि त्या निमित्ताने दोन भाषांत स्मरणिका काढायचं ठरलं होतं. दोन्ही भाषांची प्रुफं वाचायचं काम माझ्याकडे आलं. पुढे २००४ च्या सुमारास फ्लॉप्या खराब व्हायला लागल्या, तेव्हा सगळ्या फाइली मी सीडीवर उतरवून घेतल्या आणि विसरून गेलो.

त्या स्मरणिकेत आमच्या उस्तादांचा एक उर्दू लेख होता. विषय होता, कल्याणच्या कोकणी मुसलमानांच्या घरांत बोलली जाणारी भाषा. लग्नात बायका कोणती गाणी म्हणायच्या, आजी नातवाला कोणत्या शब्दांत रागवायची, उर्दू शाळा आल्यावर घरातली मराठी-कोकणी कशी मागे सरकली, याचा तो आँखों देखा हिशोब होता. मूळ लेख बावीस पानांचा. जागा कमी पडली म्हणून छापली चार पानं. हस्तलिखित उस्तादांच्या तळमजल्यावरच्या घरात पेटीत होतं. २६ जुलै २००५ ला कल्याणात पाणी भरलं. त्या पेटीतलं काहीच वाचलं नाही. काही वर्षांनी उस्तादही गेले. माझी सीडी मुंब्र्याला तिसऱ्या मजल्यावर होती, म्हणून राहिली.

म्हणजे पूर्ण लेखाची प्रत जगात एकच, आणि ती माझ्या हातात. लॅपटॉपला सीडीची खाच नव्हती, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणला. सीडी फिरली. यादी दिसली. एकशे बारा फाइली. मी उस्तादांच्या फाइलीवर दोनदा क्लिक केलं. संगणकानं उलट मलाच विचारलं, ही फाइल कशाने उघडू?

उत्तर मला माहीत होतं, पण ते माझ्या हातात नव्हतं. त्या प्रश्नामागे काय आहे हे शोधताना जो इतिहास कळला, तो सांगण्यासाठी हा लेख.

'तुझं तू बघ'

माझा एक जुना विद्यार्थी डोंबिवलीत राहतो, सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. त्याला सांगितलं, की या सगळ्या फाइलींची नीट यादी करायची आहे. लेखक, विषय, भाषा असे रकाने हवेत आणि यादीतल्या नावावर क्लिक केलं की फाइल उघडायला हवी. दोन रविवारांत त्यानं लॅपटॉपवर चालणारा छोटासा प्रोग्राम लिहून दिला.

मी विचारलं, "तुझ्या प्रोग्रामला फोटोही उघडता येतो, हिशोबाचा तक्ताही उघडता येतो आणि वर्डचं पानही. इतकं सगळं तू दोन रविवारांत कसं लिहिलंस?"

तो हसला. "सर, माझा प्रोग्राम काहीच उघडत नाही. तो फक्त विंडोजला सांगतो, ही फाइल आहे, तुझं तू बघ. कुठल्या प्रोग्रामला बोलवायचं ते विंडोज ठरवतं."

त्यानं पायथनमध्ये लिहिलेली ती ओळ दाखवली. 'स्टार्टफाइल' आणि पुढे फाइलीचा पत्ता, बस. मॅकवर हेच काम 'ओपन' ही आज्ञा करते. लिनक्सवर २००६ पासून 'एक्सडीजी-ओपन' आहे. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या जावाच्या सहाव्या आवृत्तीतही 'डेस्कटॉप' नावाची सोय झाली. या सगळ्यांचं काम एकच, निरोप पोहोचवायचा. फाइल कुणी उघडायची याची नोंद ऑपरेटिंग सिस्टिमच्या वहीत असते.

त्याचा प्रोग्राम फोटोंवर चालला. एक्सेलच्या तक्त्यावर चालला. मराठी पानांवर क्लिक केलं, तर वर्ड निमूटपणे उघडलं, पण पानावर इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टिंबं असलेली युरोपीय अक्षरं, टक्क्याच्या आणि डॉलरच्या खुणा असा सगळा कचरा होता. उर्दू पानांवर क्लिक केलं, तर एक क्रमांक आला, ११५५. विंडोजच्या भाषेत त्याचा अर्थ, या फाइलीशी कुठलाही प्रोग्राम जोडलेला नाही.

दोन भाषा, दोन तऱ्हेचं अपयश. उर्दूची फाइल उघडलीच नाही. मराठीची फाइल उघडली, पण मजकूर उघडला नाही. मला विचाराल तर दुसरं जास्त फसवं. पहिल्यात निदान दार बंद आहे हे तरी कळतं.

फाइल कुणाची?

फाइलीच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन तीन अक्षरं लिहायची पद्धत जुनी आहे. १९७४ साली गॅरी किल्डाल यांनी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली. तिच्यात नावाला आठ अक्षरं आणि पुढच्या शेपटाला तीन. १९८१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या डॉसनं तीच रीत उचलली. पण डॉसला त्या शेपटांपैकी थोडीच समजत. कॉम, एक्सई आणि बॅट असेल तर चालवायचं, बाकीची माणसांच्या सोयीसाठी. पत्र उघडायचं असेल तर आधी पत्राचा प्रोग्राम सुरू करायचा आणि मग त्याला फाइलीचं नाव सांगायचं. म्हणजे आधी कारागीर बोलवायचा, मग त्याच्या हातात वस्तू द्यायची.

हा क्रम उलटा करायची कल्पना झेरॉक्स कंपनीच्या स्टार या यंत्रात १९८१ साली दिसली. पडद्यावर कागदाचं चित्र, तो कागद उघडायचा, लागणारा प्रोग्राम आपसूक हजर. वापरणाऱ्यानं प्रोग्रामचा विचारच करायचा नाही. १९८३ च्या ॲपल लिसामध्येही हेच होतं. जानेवारी १९८४ मध्ये मॅकिंटॉश आला आणि त्यानं एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट केली. प्रत्येक फाइलीसोबत चार-चार अक्षरांच्या दोन खुणा लपवून ठेवल्या. एक खूण सांगे, आत काय जिन्नस आहे. दुसरी सांगे, ती बनवली कुणी. त्यामुळे साध्या मजकुराच्या दोन फाइली दोन वेगळ्या प्रोग्रामांत लिहिल्या असतील, तर दोन्ही आपापल्या घरी उघडत. जिन्नस वेगळा, कारागीर वेगळा, हा फरक त्या मांडणीत होता. पुढे २००९ च्या आवृत्तीपासून मॅकनं कारागिराच्या खुणेकडे पाहणं सोडून दिलं.

युनिक्सवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. १९७३ पासून त्यांच्याकडे 'फाइल' नावाचीच एक आज्ञा आहे. ती नावावर फारसा विश्वास ठेवत नाही, आत डोकावून सुरुवातीची चिन्हं तपासते आणि मग सांगते की हे काय असावं. ईमेलचं जग वाढलं तेव्हा १९९२ साली नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम नावाची पद्धत घालून दिली. पत्रासोबत जाणाऱ्या जिन्नसावर 'मजकूर', 'चित्र', 'ध्वनी' अशी चिठ्ठी लावायची, म्हणजे पलीकडचा संगणक त्याप्रमाणे प्रोग्राम निवडेल.

आपल्याकडे घराघरांत आणि शाळाशाळांत पोहोचलं ते विंडोज. तिथे शेपटाचंच राज्य होतं. विंडोज ३ मध्ये 'विन.आयएनआय' नावाच्या साध्या फाइलीत ओळी असत, अमुक शेपूट असेल तर अमुक प्रोग्राम. १९९२ च्या ३.१ आवृत्तीत नोंदीची स्वतंत्र वही आली, आणि एका प्रोग्रामनं दुसऱ्याला बोलवायची 'शेल एक्झिक्यूट' नावाची हाकही. ती हाक आजही चालते. माझ्या विद्यार्थ्याची ओळ शेवटी तिथेच जाते. हाक यशस्वी झाली तर ३२ पेक्षा मोठा आकडा परत येतो. ३१ आला, तर समजायचं की या शेपटाचा वालीच कुणी नाही.

१९९५ च्या विंडोजनं ही वही 'रजिस्ट्री'त नेली. साध्या मजकुराच्या फाइलीचं उदाहरण घ्या. रजिस्ट्रीत 'टीएक्सटी' या शेपटापुढे एका प्रकाराचं नाव असतं. त्या प्रकाराखाली 'उघडा' या क्रियापदाची नोंद असते आणि तिच्यापुढे नोटपॅडचा पत्ता. पत्त्याच्या शेवटी टक्क्याची खूण आणि एक हा आकडा, म्हणजे आपल्या फाइलीचं नाव बसवायची रिकामी जागा. डबल क्लिक केलं की विंडोज ही साखळी चालत जातं. फाइलीच्या आत काय लिहिलंय हे ते पाहत नाही. नाव पाहतं आणि हाक मारतं.

त्याच विंडोजनं ओळखीची शेपटं लपवायला सुरुवात केली. सोय म्हणून. या सोयीचा फायदा मे २००० मध्ये फिलिपिन्सहून सुटलेल्या 'आय लव्ह यू' व्हायरसनं घेतला. ईमेलसोबत आलेली फाइल नावावरून साधं प्रेमपत्र वाटायची. शेवटचं खरं शेपूट स्क्रिप्टचं होतं, ते अनेकांना दिसायचंच नाही. लोकांनी विश्वासानं क्लिक केलं, विंडोजनं नेमून दिलेल्या प्रोग्रामला हाक मारली आणि जगभरचे संगणक आजारी पडले. क्लिक म्हणजे विश्वास असतो. ज्याला आपण उघडणं म्हणतो, ते कधी कधी चालवणं असतं. त्या घटनेची आठवण ठेवून माझ्या विद्यार्थ्यानं यादीतल्या प्रोग्रामसारख्या फाइली उघडायच्याच नाहीत असा नियम घातला आहे.

पुढे हक्काची भांडणंही झाली. नवा प्रोग्राम बसवला की तो सगळी शेपटं स्वतःच्या नावावर करून घेई. २०१२ च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टनं नियम केला, की मूळ प्रोग्राम बदलायचा तर वापरणाऱ्यानंच स्वतः निवडायचा. प्रश्न तोच जुना. फाइल कुणाची? लिहिणाऱ्याची, की ज्यात लिहिली त्या प्रोग्रामची?

इंग्रजीत लिहिणाऱ्याला या प्रश्नाची झळ कमी बसली. त्याचा प्रोग्राम हरवला तरी नोटपॅडमध्ये थोडाफार मजकूर वाचता येई, कारण इंग्रजी अक्षरांचे क्रमांक बहुतेक यंत्रांत सारखेच होते. आपल्या भाषांचं तसं नव्हतं.

कातिब, नूरी आणि फॉन्टांचा बाजार

उर्दूचा छापखाना मराठीसारखा खिळ्यांवर उभा राहिला नाही. नस्तालीक वळणात अक्षर शेजाऱ्यानुसार रूप बदलतं आणि शब्द वरून खाली उतरत जातो. ते शिशाच्या खिळ्यांत बसवणं अवघड. म्हणून उर्दू वर्तमानपत्रं कातिबांच्या हातावर चालली. मुंबईचं 'इन्किलाब' १९३८ साली सुरू झालं, ते त्याच जगात. चेन्नईचं 'द मुसलमान' १९२७ सालचं. संगणक आल्यावरही ते कातिबांच्या हातूनच निघत राहिलं. आमच्या लहानपणी लग्नपत्रिका लिहून घ्यायलाही कातिबाकडेच जायचं. त्याच्यापुढे बसून नावांची स्पेलिंगं तपासायची.

१९८१ च्या सुमारास पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीसोबत नूरी नस्तालीक घडवली. एकेक अक्षर जोडत बसण्याऐवजी त्यांनी जोडअक्षरांचे तयार तुकडे काढले. वीस हजारांच्या आसपास. संगणकानं योग्य तुकडा उचलायचा आणि शेजारी ठेवायचा. १९९४ साली दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरनं इनपेज आणलं आणि ही लिपी साध्या पीसीवर आली. मुंबई, भिवंडी, मालेगावच्या उर्दू डीटीपीवाल्यांसाठी ही क्रांतीच होती. पण इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांत अक्षरांना स्वतःचे क्रमांक होते. त्याची आयएनपी फाइल इनपेजला कळायची, इतरांना नाही. यात लपवाछपवी नव्हती. उर्दूसाठी पीसीवर सगळ्यांनी मानलेली सामाईक व्यवस्था तेव्हा रुळलेली नव्हती, तर त्यांनी स्वतःची केली.

मराठीची वाट वेगळी, पण मुक्काम तोच. १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभं राहिलं. भारतीय लिप्यांसाठी इस्की हा संकेत ठरला, १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला. ब्राह्मीतून आलेल्या लिप्या एका चौकटीत बसल्या. अरबी-फारसी वळणाच्या लिप्यांसाठी पासकी नावाचा वेगळा संकेत आला. मानकाच्या पातळीवर मराठी आणि उर्दू इथेच दोन वाटांना लागल्या.

बाजारानं तर मानकालाही फार विचारलं नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळुरूची आकृती, सी-डॅकचे स्वतःचे फॉन्ट, असे अनेक संच आले. त्यांतल्या बहुतेकांची युक्ती एकच होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवायचे. संगणकाला वाटे आपण इंग्रजी साठवतोय. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसे. छपाईसाठी एवढं पुरेसं होतं. पण फॉन्ट काढून घेतला की उरे तो कचरा, जो माझ्या लॅपटॉपवर दिसला. प्रत्येक कंपनीचा क्रम वेगळा, म्हणून एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये टाकला तरी अर्थ लागत नसे.

विद्यार्थ्याच्या प्रोग्रामनं मराठी फाइल वर्डकडे सोपवली, त्यात चूक नव्हती. शेपूट वर्डचंच होतं. पण शेपूट फक्त प्रोग्रामचं नाव सांगतं. आतली अक्षरं कोणत्या फॉन्टच्या हिशोबानं लिहिली आहेत, हे त्याला सांगता येत नाही. दाराचा पत्ता बरोबर होता, आतली बोली वेगळी निघाली.

एका खुणेमागे दोन भाषा

ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक, मग प्रोग्राम कुठलाही असो. अरबी लिपीचा गट ०६०० पासून, देवनागरीचा ०९०० पासून. एकाच वहीत दोघी, थोड्याशा पानांच्या अंतरावर.

पण वही छापली म्हणून ती लगेच घरी येत नाही. देवनागरीची सोय विंडोज २००० मध्ये आली. शाळांत आणि सायबर कॅफेत पसरलेल्या विंडोज एक्सपीमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात बरोबरची खूण करावी लागे. खूण केली की एक्सपीची सीडी मागितली जाई. ती बहुतेकांकडे नसे. गंमत अशी, की मराठीसारख्या गुंतागुंतीच्या लिप्या आणि उर्दूसारख्या उजवीकडून लिहायच्या लिप्या, दोन्ही त्या एकाच खुणेमागे होत्या. आम्ही शिक्षक मंडळी त्या काळात एमएस-सीआयटी करत होतो. प्रमाणपत्र मिळालं, पण ती खूण आम्हाला कुणी दाखवली नाही. मला ती कळली तेव्हा स्मरणिकेच्या फाइली कपाटात पडल्या होत्या.

म्हणजे साधारण १९९० ते २००५ या पंधराएक वर्षांत आपण संगणकावर जे मराठी आणि उर्दू लिहिलं, ते बहुतांशी प्रोग्रामच्या आणि फॉन्टच्या मालकीचं होतं. हा काळ मुस्लिम मराठी लेखनासाठी साधा नव्हता. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली सोलापूरला झालं. त्यानंतरच्या वर्षांत लहान मासिकं, स्मरणिका, पुस्तिका निघाल्या. बाबरी आणि त्यानंतरच्या मुंबईच्या दंगलींवर लोकांनी लिहिलं. मोठ्या प्रकाशकांचं लेखन ग्रंथालयात टिकतं. छोट्या गावच्या, मोहल्ल्याच्या लेखनाची प्रत बहुतेक वेळा डीटीपीवाल्याच्या संगणकात राहते आणि तो संगणक एक दिवस भंगारात जातो.

भिवंडीचं जुनं मशीन

उस्तादांची फाइल अखेर भिवंडीत उघडली. तिथे एक जुने डीटीपीवाले चाचा आहेत. आधी किताबत करायचे, नंतर संगणकावर आले. कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं. फोन केला, तर म्हणाले, "सर, मशीन है. मगर चालू होगी या नहीं, अल्लाह जाने."

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून, कोनमार्गे भिवंडीला पोहोचलो. दुकानात मागच्या बाजूला कपड्याखाली झाकलेला एक्सपीचा संगणक होता. दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाला. सीडी घातली. चाचांनी फाइलीवर दोनदा क्लिक केलं. इनपेज उघडलं आणि पडद्यावर उस्तादांचा पहिला परिच्छेद आला. नस्तालीकमध्ये, जसा मी वीस वर्षांचा असताना प्रुफावर पाहिला होता तसा. तेच क्लिक, तीच फाइल. फरक इतकाच, की त्या यंत्राच्या वहीत तिच्या नावापुढे कुणाचं तरी नाव होतं.

बावीस पानं पूर्ण होती. चाचांनी आधी सगळी पानं छापून दिली. म्हणाले, पहिल्यांदा कागद, मग बाकीचं. नंतर फाइल पेनड्राइव्हवर घेऊन इनपेजच्या नव्या आवृत्तीत नेली आणि मजकूर युनिकोडमध्ये काढला.

तो जसाच्या तसा आला नाही. काही ठिकाणी 'काफ' आणि 'ये' अरबी क्रमांकाचे आले. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोध घ्यायला गेलं की शब्द सापडत नाही. मराठी पानांचं रूपांतर डोंबिवलीच्या विद्यार्थ्यानं केलं. तिथे ऱ्हस्व वेलांट्या पळाल्या होत्या. जुन्या फॉन्टांत वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफारांचीही तीच गत. 'ऱ्या'चा 'र' तर अनेक जागी गायबच. पंचवीस वर्षांनी मी पुन्हा त्याच स्मरणिकेची प्रुफं वाचली. पावसाळ्याचे दोन महिने लागले.

मोडीचा धडा

हे सगळं करताना मला सारखी मोडी आठवत होती. शेकडो वर्षं मराठी कारभार मोडीत चालला. विसाव्या शतकाच्या मध्याला ती शाळेतून आणि कचेरीतून गेली. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडीतले लाखो कागद शाबूत आहेत. शाई आहे, कागद आहे, गाठोडी आहेत. कमी आहेत ते वाचणारे. आदिलशाही आणि मोगल काळातल्या फारसी कागदांचंही तेच. ग. ह. खरे यांनी 'ऐतिहासिक फारसी साहित्य' खंडांत काढलं, सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं मराठीत आणली, म्हणून तो इतिहास मराठी वाचकाला उघडला. ते नसते तर कागद असूनही इतिहास बंदच राहिला असता.

मोडीचे कागद उघडायला शंभर वर्षांनीही माणूस तयार करता येतो. अक्षर डोळ्यांसमोर असतं. संगणकाच्या फाइलीला ती मुभा नाही. तिला वाचणारं यंत्र, प्रोग्राम आणि फॉन्ट, तिन्ही एकाच वेळी जिवंत असावे लागतात. भिवंडीच्या चाचांचं मशीन यंदा सुरू झालं. पुढच्या वर्षीची खात्री तेही देत नाहीत.

म्हणून वाचकांना एक विनंती. ठाणे असो, कल्याण, भिवंडी किंवा तुमचं गाव, ज्यांच्याकडे १९९० नंतरच्या स्मरणिका, मासिकं, निकाहनाम्यांचे मसुदे, जमातीचे अहवाल अशा फाइली असतील त्यांनी त्या आत्ताच बाहेर काढाव्यात. मूळ फाइल पुसू नका, नाव बदलू नका, शेपूट तर मुळीच बदलू नका. शेपूट बदलल्यानं आतला जिन्नस बदलत नाही, फक्त चुकीच्या माणसाला हाक जाते. तिच्या शेजारी दोन प्रती ठेवा. एक पीडीएफ, म्हणजे पान जसं दिसत होतं तसं राहील. दुसरी युनिकोडमधला साधा मजकूर, म्हणजे शब्द शोधता येईल आणि उद्याच्या कुठल्याही प्रोग्रामला वाचता येईल. आणि एका कागदावर लिहून ठेवा, मूळ फाइल कोणत्या प्रोग्राममध्ये, कोणत्या फॉन्टात केली होती. ही एक ओळ पुढे कुणाचे तरी दोन महिने वाचवेल.

विद्यार्थ्यानंही त्याचा प्रोग्राम सुधारला. आता जुन्या उर्दू फाइलीवर क्लिक केलं की ११५५ येत नाही. 'या संगणकावर ही फाइल उघडणारा प्रोग्राम नाही, वाचण्याची प्रत इथे आहे' असं येतं आणि खाली पीडीएफचं नाव. निरोप्याला एवढं तरी सांगता यायला हवं.

मागच्या महिन्यात उस्तादांच्या नातीला तो लेख मोबाइलवर पाठवला. ती ठाण्यात मराठी माध्यमात शिकली, आता नोकरी करते. तिनं बोट लावलं आणि पान उघडलं. थोड्या वेळानं तिचा फोन आला. "सर, उघडलं. पण मला उर्दू वाचता येत नाही ना."

मी लेखाचा मराठी अनुवाद करायला घेतला आहे. सहा पानं झाली आहेत, सोळा बाकी आहेत.